मधली धार

"पयलं सोडून दे, नूतन. लाल येते ते. मधलं धर. आन् शेवटी धार बारीक झाली का तेही घेऊ नोको, देवाच्या कळशीत नसते जात ते."

आवाज गयाबाईंचा. सासूबाईंना जाऊन पाच पावसाळे झाले होते, आणि तो नूतनला ऐकू आला तो अंगणातल्या नळापाशी नाही, देवघरात नाही, तर एका लॅबच्या संडासात. हातात लाल झाकणाची प्लॅस्टिकची बाटली होती. खिडकीमागच्या मुलीनं ती पुढे सरकवताना मान वर न करता सांगितलं होतं, पहला छोड़ देना आंटी, बीच का लेना, लास्ट का भी छोड़ देना. रोज पन्नास जणींना सांगून सांगून गुळगुळीत झालेलं वाक्य. नूतनला ते ऐकताच कानाच्या पाळ्या गरम झाल्यासारखं झालं. देवाच्या पाण्याचा नियम आणि ह्याचा नियम एकच कसा असेल? तिनं दार लावलं. मग डोळे मिटून तिनं पहिलं सोडून दिलं, मधलं धरलं. जळजळीनं दातांवर दात बसले. बाटली पदराखाली झाकून तिनं खिडकीत ठेवली तेव्हा ती कोमट होती, आणि त्या कोमटपणाचीच तिला सगळ्यात जास्त लाज वाटली.

लग्न होऊन ती भिलाईला सेक्टर सहाच्या क्वार्टरात आली ती पहिली पहाट तिला घरी येताना ऑटोत बसल्या बसल्या पुन्हा दिसली. बाहेर अजून अंधार, लांब कारखान्याच्या अंगाला आभाळ तांबूस, आणि गयाबाई नळापाशी उकिडव्या. रात्रभर पाइपात साचलेलं पाणी आधी खाकरलं, मग गंजासारखं लाल आलं. लोखंडाच्या गावात पाणीसुद्धा आधी लोखंड ओकतं, मग पाणी होतं. गयाबाई भंडाऱ्याकडच्या धानाच्या गावातून आलेल्या, विहिरीच्या पाण्यावर वाढलेल्या. नळाशी कसं वागायचं हे त्यांना कुठल्या पोथीनं सांगितलं नव्हतं. नियम त्यांनीच बसवला आणि सुनेच्या हाती दिला. नूतननं तो घेतला तो असा, की तीस-बत्तीस वर्षांत एकाही सकाळी पहिलं पाणी देवाच्या कळशीत पडलं नाही.

तसं पाहिलं तर तिचं सगळं आयुष्य एकाच शब्दावर उभं होतं: धरणं. सोमवार धरायचा, चतुर्थी धरायची, एकादशी धरायची. कोणी काही बोललं तर ओठ धरायचे. आंघोळ करून सोवळ्याचं पातळ नेसलं, की पूजा, जप, पोथी होईपर्यंत पाटावरून उठायचं नाही. उठलं तर पुन्हा आंघोळ. म्हणून तेही धरून ठेवायचं. आदल्या रात्रीपासून पाणी कमी प्यालं की धरायला सोपं जातं, हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. अंगच शिकलं होतं. मग वर्षातून दोन-तीनदा उन्हाळी लागायची, लघवीला आग व्हायची. भर पावसाळ्यातही तिला उन्हाळीच म्हणतात याची तिला गंमत वाटायची. धने-जिऱ्याचं पाणी, सब्जा, आणि नाहीच भागलं तर चौकातल्या ओमप्रकाशच्या दुकानातून कॅप्सूल. दोन दिवसांत आग शमायची. देवानं ऐकलं, असं म्हणून ती उरलेली पट्टी डब्यात ठेवून द्यायची. आणि आग शमली नसली तरी मधे सोमवार यायचाच. एकदा गयाबाईंनी ओमप्रकाशला सहज विचारलं होतं, हे वरचं टरफल कायचं असते रे बापू? तो हसत म्हणाला होता, हड्डी का बनता है अम्मा. झालं. त्या दिवसापासून उपासाला कॅप्सूल चालत नाही, हे घरात साबुदाण्याइतकं पक्कं झालं. तळहातावरच्या त्या गोळीचा अर्धा भाग लाल, अर्धा पिवळा. किती निरागस दिसायची. नूतन ती परत पट्टीत खुपसून ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी घ्यायची. कधी घ्यायची, कधी विसरायची.

रिपोर्ट आला त्या दिवशी तिला कणकण होती, पाठीत उजवीकडे कोणी मूठ दाबून ठेवल्यासारखं दुखत होतं. सून टीना तिला जुनवानीजवळच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. टीना नि मुलगा ईशान तिथेच फ्लॅटमध्ये राहतात. टीना भिलाई-3 ला वाढलेली. मराठी फक्त घरात, तीही अर्ध्या वाटेवर हिंदीत उतरणारी. डॉक्टर प्रणिता रायपूरच्या जुन्या मराठी घरातली; तिची मराठी छापल्यासारखी. कागदावर औषधांची नावं एकाखाली एक होती आणि समोर इंग्रजी आर, म्हणजे ते औषध आता लागू नाही. पुन्हा आर. पुन्हा आर. टीनाचं बोट खाली खाली जात होतं. नूतनला इंग्रजी फारसं येत नाही, पण त्यातली दोन-तीन नावं तिनं ओळखली. ती तिच्या डब्यात होती. ओळखीच्या माणसांनी एकापाठोपाठ एक मान फिरवावी तसं तिला झालं. अगदी तळाशी कुठे कुठे एस होता, अजून चालणाऱ्या औषधाचा.

प्रणिता म्हणाली, "काकू, हे जंतू कोणी परके नाहीत. आपल्याच आतड्यात राहतात, तिथे बिचारे काही करत नाहीत. वाट चुकून इकडे आले की त्रास. औषध पडलं की पुष्कळसे मरतात. पण औषध मधेच सुटलं, तर जे चिवट असतात ते मागे उरतात, आणि मग सगळी प्रजा त्यांचीच. त्यांना ते औषध लागू पडत नाही." मग तिनं विचारलं, "मागच्या गोळ्या पूर्ण झाल्या होत्या ना?"

नूतन पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. उत्तर टीनानंच दिलं, मम्मी उपास के दिन कुछ नहीं लेती, आणि मम्मीचा उपास कधी नसतो ते तुम्हीच शोधा. मग हसून म्हणाली, "मम्मी, तुमच्या बॅक्टेरियानं पण व्रत ठेवलंय. कुछ भी दो, नहीं खाते." डॉक्टरीणही हसली. नूतनही हसली, पण ते वाक्य तिच्या आत कुठेतरी जाऊन बसलं.

सुई घ्यावी लागणार होती. सात दिवस, रोज सकाळी, त्याच वेळेला. आणि पाणी; रोज भरपूर, ठरवून पाणी, कारण पाणी नसेल तर ही सुईच मूत्रपिंडाला जड जाते. संसर्ग वरपर्यंत पोचला होता. प्रणितानं आवाज चढवला नाही, रागावली नाही. तिनं खुर्ची पुढे ओढली आणि नूतनच्या मनगटावर हात ठेवला. हे मधे तुटलं तर यानंतर देण्यासारखं माझ्याकडे फार काही उरत नाही, एवढंच म्हणाली. टीनाचं हसू गेलं. "मम्मी, मुंडी नका हलवू. मुंह से बोलो," ती म्हणाली.

"एकही सुई चुकवणार नाही," नूतन म्हणाली. "पाणी पिईन."

ती सहसा शब्द देत नाही, कारण दिलेला तिला परत घेता येत नाही. परतताना ऑटो सिग्नलला थांबला आणि समोरच्या साड्यांच्या दुकानावर बॅनर फडफडताना दिसला: तीजा स्पेशल. तिचा हात आपोआप बोटांच्या पेरांवर गेला. उद्यापासून सुई. तीन सुया अलीकडे, तीन पलीकडे, आणि बरोबर मधे हरतालिका. इकडे सगळे तीजाच म्हणतात. दिवसभर अन्न नाही, पाण्याचा थेंब नाही, दुसऱ्या दिवशी उजाडेपर्यंत. पदराखालची बाटली आत्ताच हातातून गेल्यासारखी तिची बोटं मोकळी मोकळी झाली. डोळ्यांपुढे पितळी परात आली, काठाला एका जागी चेपलेली. तीत वाळूचा महादेव मांडायचा. गुडघे गेल्यावर गयाबाईंनी ती तिच्या हाती दिली होती. "तीज सोडू नोको, नूतन. माया पोराच्या जिवाची हाये." आणि नूतननं म्हटलं होतं, हो आई. ते हो आणि आजचं हो. दोन्ही तिचेच, आणि आता दोन्ही समोरासमोर उभे.

नवऱ्याला, भूपेंद्रला, तिनं काही सांगितलं नाही; त्यानं कॅलेंडर पाहून स्वतःच ओळखलं. कारखान्याच्या रेल मिलमध्ये आयुष्य काढलेला माणूस, कमी बोलणारा, जेवताना ताटाकडे बघूनच बोलणारा. पहिल्या दोन्ही दिवशी सुट्टी टाकून तो तिला स्कूटरवर घेऊन गेला. सुई घेतलेला खुबा स्कूटरच्या प्रत्येक खड्ड्याला ठणकायचा, आणि खड्डा आला की तो मागे न बघता वेग कमी करायचा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शिवनाथ नदीवरून वाळूची पिशवीही घेऊन आला, दरवर्षीसारखी, न सांगता. ती पिशवी कोपऱ्यात ठेवताना मात्र त्याला राहवलं नाही.

"कावून एवढा विचार करून राहिली? माझ्याच जिवासाठी धरतेस ना? त मीच सांगतो, पानी पी."

"तुमच्या सांगण्यानं सुटलं तर ते व्रत कशाचं, ती तुमची सुट्टी झाली," ती हळूच म्हणाली.

तो हसला. मग वाळूची पिशवी उगाच सरळ करत म्हणाला, "तुले काई झालं त मी जगून काय करू? पोळ्या लाटू?"

रात्री त्याच्या पाठीशी पडून ती त्या जंतूंचा विचार करत राहिली. मुंगीवर पाय पडू नये म्हणून ती अंगणात खाली बघून चालते, आणि आता रोज सकाळी त्यांना मारायला जाते. ते काय शत्रू होते? डॉक्टरीण म्हणाली, आपल्याच घरचे. तिच्या पोटात राहिले, तिचंच अन्न खाल्लं, आणि तिच्याकडूनच शिकले. तिनं सोमवारी गोळी सोडली की ते दम धरायचे. चतुर्थीला सोडली की पुन्हा दम धरायचे. आग शमली म्हणून तिनं पट्टी डब्यात टाकली तेव्हा जे उरले होते ते अंधारात गप्प बसून राहिले असतील, तिच्यासारखेच, ओठ धरून. टीना चेष्टेत बोलली ते खरंच होतं की. इतकी वर्षं तिला वाटत होतं आपलं एकही व्रत अर्ध्यात सुटलं नाही. आणि एक गोष्ट मात्र दरवेळी अर्ध्यात सोडली होती, आणि तिला व्रत म्हणायचं कधी सुचलंच नव्हतं. खिडकीबाहेर दूर कारखान्याची घरघर चालली होती, जी भिलाईत कोणालाच ऐकू येत नाही, आणि त्या घरघरीत तिला पाण्याचा आवाज आल्याचा भास होत राहिला.

तीजेच्या आदल्या संध्याकाळी शेजारची फुलेश्वरी करू भात घेऊन आली. उपासाआधी कारल्याची भाजी नि भात खाऊन घ्यायचा ही तिच्याकडची रीत, आणि गयाबाई होत्या तेव्हापासून तिच्या घरचं ताट इकडे येतं. ले दीदी, खा ले, कल तो मुंह बांधना हे, म्हणाली. कारल्याचा कडूपणा जिभेवर बसला तेव्हा नूतनला आठवलं, मागच्या महिन्यात फुलेश्वरीलाही आग होत होती आणि आपण तिला डब्यातली उरलेली पट्टी दिली होती. प्रसादासारखी, मायेनं. ताट खाली ठेवून तिनं विचारलं, ते कॅप्सूल संपले का गं? फुलेश्वरी म्हणाली, चार खाल्ले, बरं वाटलं, बाकीचे नणंदेसाठी ठेवलेत. नूतननं तिचा हात धरला. ते मला परत आणून दे, म्हणाली, आणि पुन्हा आग झाली तर माझ्याकडे येऊ नको, आपण दोघी लॅबमध्ये जाऊ, एक बाटली देतात, मी सांगते कशी भरायची. फुलेश्वरी हसत सुटली, ये का बात हे दीदी, ओहू ला भरे बर सिखाबे, तेही भरायला शिकवशील? पण नूतनचा चेहरा बघून ती गेली आणि पट्टी आणून दिली. ती नूतननं डब्यात टाकली नाही. ओमप्रकाशच्या दुकानी देऊन ये, असं तिनं भूपेंद्रला सांगितलं. उद्याचं काय करणार हे फुलेश्वरीनं विचारलं नाही, कारण विचारण्यासारखं त्यात काही असेल असं तिच्या मनातच आलं नाही.

पहाटे भूपेंद्र फस्ट शिफ्टला गेला. जाताना स्वयंपाकघराच्या ओट्यावर त्यानं पाण्याची बाटली भरून ठेवली आणि दार ओढून घेतलं. नूतन न्हाली, सोवळ्याचं नेसली, पाटावर बसली. परात पुढे घेतली. बाटलीकडे तिनं पाहिलं नाही. सुईला वेळ होता. आधी पूजा, मग बघू, असं तिनं मनाशी ठरवलं होतं, म्हणजे काहीच ठरवलं नव्हतं. पिशवीतली वाळू परातीत ओतली आणि ओंजळीनं उभी करायला गेली, तर ती सुटून खाली बसली. पुन्हा उभी केली, पुन्हा बसली. दोन दिवस कोपऱ्यात राहून वाळू पार कोरडी झाली होती. तिनं तांब्यातलं पाणी हाताला लावलं, शिंपडलं, दाबलं. मग धरली. पाण्याचा हात लागला तशी वाळू धरली आणि पिंड उभी राहिली, गार, ओलसर, करंगळीएवढं पाणी खाली झिरपत. नूतन त्या ओल्या पिंडीवर हात ठेवून तशीच थांबली. तळव्याला गारवा लागत होता, आणि त्या गारव्यातून काहीतरी वर येत होतं; असंच ओलं, असंच तळव्याला लागलेलं, फार जुनं.

हीच परात. लग्नानंतरची पहिली तीज, पोटात ईशान. समोरच्या खोलीत सेक्टरातल्या बायका, बांगड्या, गाणी, भाद्रपदातली घामट हवा. वाळू दाबता दाबता तिच्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि परातीचा काठ भिंतीवर आपटून चेपला. तो चेपका तिथला होता. इतकी वर्षं तो तिच्या बोटाखाली होता आणि तो कुठून आला हे तिनं कधी स्वतःला विचारलं नव्हतं. गयाबाईंनी कोणाला काही कळू न देता तिला कोपराला धरून मागच्या अंगणात नेलं. नळ सोडला. पहिलं लाल पाणी वाहून जाऊ दिलं. मग स्वतःची ओंजळ धारेखाली धरली आणि तिच्या तोंडाशी आणली.

"पी."

"आई, निर्जळ आहे ना."

"तुयं हाये. पोटातल्यानं कुठं धरलं हाये? त्याले पायजे."

त्या ओंजळीला हळदीचा नि वाळूचा वास होता. पाणी गार होतं, लोखंडाची किंचित चव असलेलं, आणि घशातून उतरताना त्याचा रस्ता कळत होता. गयाबाईंनी तीनदा ओंजळ भरली. मग आपल्या पदरानं तिचं तोंड पुसलं, हनुवटीपर्यंत नीट, थेंब राहू नये असं, आणि कानाशी वाकून म्हणाल्या, "कोनाले सांगू नोको. मलेही नाई." आणि आत जाऊन सगळ्यांदेखत तिच्या हातात बेल ठेवला: घाल, तुयाही उपास हाये.

कोणालाच सांगायचं नाही, गयाबाईंनाही नाही. नूतननं ते इतकं घट्ट धरलं होतं, की स्वतःलाही सांगितलं नव्हतं. सासूबाई म्हटल्या की तिला टरफलाचा प्रश्न विचारणारी, परात हाती देणारी, हो म्हणवून घेणारी बाई आठवायची. ओंजळीतली बाई तिनं देवाच्या मागे कुठेतरी ठेवून दिली होती. ती आता पाटावर बसून रडली नाही. तिच्या डोळ्यांत नुसतं पाणी आलं आणि थांबलं. मूत्रपिंडं दोन असतात, डॉक्टरणीनं चित्र काढून दाखवलं होतं, राजम्याच्या दाण्यांसारखी. त्या दोन बिचाऱ्यांनी कुठं व्रत धरलं होतं?

तेवढ्यात तिला लागली. नेहमीसारखी तिची मांडी आवळली गेली, अंग धरायला तयार झालं. पूजा अर्धी होती, बेल वाहायचा होता. मग "येते हं," असं वाळूच्या महादेवाला हळूच म्हणून ती पाटावरून उठली. बत्तीस वर्षांत पहिल्यांदा स्वतःहून उठली. आग झाली, पण काल होती तेवढी नाही. परत येऊन तिनं पुन्हा आंघोळ केली, ओल्या केसांनी पुन्हा पाटावर बसली, आणि उरलेली पूजा घाई न करता केली. बेल वाहिला. भूपेंद्रच्या जिवाचं जे मागायचं ते मागितलं. अन्नाचा उपास आजही होता. तो तिनं मनात नीट सांगून ठेवला, म्हणजे देवाचा घोटाळा होऊ नये.

मग ती मागच्या अंगणात गेली. ओट्यावरची बाटली भरलेली होती, पण तिनं तांब्या घेतला आणि नळ सोडला. नळ खाकरला. लाल आलं, ते जाऊ दिलं. धार निवळली, जाड आणि गार झाली, तशी तिनं तांब्या खाली धरला. उकिडवं बसून, गयाबाई बसायच्या तसं, ती तो संपेपर्यंत प्यायली. लोखंडाची ती चव अजून तशीच होती. पदरानं तिनं तोंड पुसलं, हनुवटीपर्यंत.

बाहेर ऊन पडलं होतं. फुलेश्वरी नव्या साडीत गेटपाशी उभी होती, ओठ आतापासूनच सुकलेले. नूतनच्या हातातली पाण्याची बाटली तिनं पाहिली, मग नूतनकडे पाहिलं. नूतनचा हात सवयीनं पदराकडे गेला आणि तिथेच थांबला. तिनं बाटली झाकली नाही.

"कहां जात हस दीदी, आज के दिन?"

"सुई घ्यायला," नूतन म्हणाली. "आज मधली आहे."

गेटची कडी आवाज न करता लावून ती ऑटो स्टँडकडे चालू लागली, बाटली हातात धरून.